घरीं घडविलेली विजेची गिटार

आपल्या परभणी जिल्ह्यांत ज्याच्या कानीं गोंधळ्याचें तुणतुणें पडलें नाहीं असा मनुष्य विरळा. एक पोकळ नळकांडें, त्याच्या तळाशीं ताणलेलें चामडें, एक काठी, एक खुंटी आणि एक तार, एवढ्या साहित्यावर हें वाद्य सारी रात्र जागवितें. हाताशीं असलेल्या वस्तूंतून तें उभें राहतें, म्हणून त्याचें आपणांस कांहीं नवल वाटत नाहीं. मग आजचा विद्यार्थी ज्या विजेच्या गिटारीवर लुब्ध असतो, ती मात्र दुकानांतूनच आणिली पाहिजे, असें आपण कां धरून चालतों? ती घरीं घडवितां येते काय, आणि येत असल्यास कोणत्या नियमांनीं, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम नाद कोठून येतो तें पाहूं. तार कितीही जोरानें छेडली तरी ती बारीक असल्यामुळें हवा फारशी हलवूं शकत नाहीं. तिचें कंपन एखाद्या रुंद व हलक्या वस्तूस द्यावें लागतें. तुणतुण्यांत हें काम चामडें करितें. सतारींत व तंबोऱ्यांत भोपळा व त्यावरील लांकडी तबली करिते. मिरज येथील कारागीर याच विद्येंत नांवाजलेले आहेत. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि त्या गांवच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु भोपळा निवडणें, वाळविणें, तबली योग्य तितकी पातळ करणें, घोडीवर जवारी काढणें, ही सारी कला पिढ्यान् पिढ्यांच्या हातांची आहे. उन्हाळ्याच्या एका सुटींत ती साध्य होणार नाहीं.

विजेच्या गिटारीची गोष्ट निराळी आहे. तिच्यांत नाद मोठा करण्याचें काम पोकळ लांकडाकडे नसतेंच. तारांच्या खालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. यास पिकअप म्हणतात. वरील पोलादी तार हालली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि क्षेत्र हाललें कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा नियम मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिला. आमचे विद्यार्थी तो पदार्थविज्ञानाच्या तासास शिकतातच. तो प्रवाह अँप्लिफायरांत वाढवून ध्वनिक्षेपकांत सोडला कीं गिटार वाजूं लागते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही कीं, अशा वाद्यास पोलादाच्याच तारा पाहिजेत, नायलॉनची तार चुंबकास कळत नाहीं. दुसरी ही कीं, वाद्याचें अंग भरीव फळीचें असलें तरी चालतें. अमेरिकेंत जॉर्ज बोशां यानें १९३१ सालीं असा पिकअप सिद्ध केला. पुढें १९४० च्या सुमारास लेस पॉल यानें चार इंची चौरस ओंडक्यावर तारा चढवून वाजविल्या. श्रोत्यांस तो ओंडका रुचेना, म्हणून त्यानें दुसऱ्या एका गिटारीचे दोन पंख त्यास चिकटविले, तेव्हां कोठें त्यांचें समाधान झालें! लिओ फेंडर हा तर रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्यास स्वतः गिटार वाजवितां येत नव्हती. तरी १९५० सालीं त्यानें दांडी स्क्रूनें जोडलेली भरीव गिटार बाजारांत आणिली. अशा वाद्याची दांडी बिघडली तर तेवढीच बदलतां येते.

घरीं घडविलेल्या गिटारीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील आहे; पण त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रांतून जातो. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत फारूख बल्सारा नांवाचा एक पारशी मुलगा वसतिगृहांत राहून शिकला व तेथील मुलांच्या वाद्यवृंदांत पियानो वाजवूं लागला. हाच पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें क्वीन या वाद्यवृंदाचा गायक झाला. त्याच वृंदांतील ब्रायन मे याची गिटार ही त्यानें व त्याच्या वडिलांनीं घरीं घडविलेली होती. १९६३ सालीं, ब्रायन सोळा वर्षांचा असतांना, पितापुत्रांनीं कामास हात घातला. तें पुरें होण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. दांडीस जुन्या शेगडीच्या चौकटीचें महोगनी लांकूड घेतलें. त्यांतील किड्यांचीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. अंगास जुन्या मेजाचें ओक वापरलें. पडद्यांवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याच्या गुंड्या घेतल्या, आणि तारांचा ताण सांभाळण्यास जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. पिकअपही त्यांनीं घरींच केले. पण तार बाजूस ओढली कीं त्यांतून विचित्र आवाज येई, म्हणून अखेरीस ते तेवढे विकत आणावे लागले. तीच गिटार घेऊन ब्रायन मे जगभर वाजवीत आला आहे. आणि २००७ सालीं त्यानें खगोलभौतिकींत डॉक्टरची पदवीही मिळविली.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला प्रश्न लांकडाचा. सहा तारांचा एकंदर ताण सुमारें पंचेचाळीस किलो असतो, म्हणजे धान्याचें एक लहान पोतें दांडीस रात्रंदिवस लोंबकळत ठेविल्यासारखेंच होय. यासाठीं दांडीच्या पोटांत खोबण करून पोलादी सळई बसवितात, व ती पिळून वांक काढतां येतो. लांकूड मात्र पुरतें मुरलेलें पाहिजे. आमची पहिली दांडी आम्ही ऐन श्रावणांत ओल्या लांकडाची रंधून काढिली होती. वैशाखाचें ऊन लागतांच ती धनुष्यासारखी वांकली, आणि तारा पडद्यांपासून बोटभर वर उठल्या. पुढें एका पडक्या वाड्याच्या सागवानी तुळईचा तुकडा आम्हांस मिळाला. तो अनेक उन्हाळे पाहून बसलेला होता. त्याची दांडी अद्याप सरळ आहे. आपल्याकडे माळवदांचीं जुनीं घरें मोडतात तेव्हां असें लांकूड सरपणांत जातें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

दुसरा प्रश्न पडद्यांचा. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे कायमचे ठोकलेले असतात, म्हणून येथें चूक क्षम्य नाहीं. सप्तकाचे बारा सारखे भाग करावयाचे असल्यामुळें तारेची उरलेली लांबी दर पडद्यास १७.८१७ नें भागावी लागते. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरिली तर पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर येतो, उरलेल्या ६११.६३ ला पुन्हां भागलें कीं दुसरा त्यापुढें ३४.३३ वर. असें करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ वर, आला पाहिजे. सोळाव्या शतकांत व्हिन्चेन्झो गॅलिली यानें यासाठीं १८ हा सोपा भाजक सांगितला होता; हा गृहस्थ ज्योतिषी गॅलिलिओ याचा पिता. पण १८ नें भागीत गेल्यास बारावा पडदा मध्याच्या सुमारें अडीच मिलिमीटर अलीकडेच राहतो, व तेवढें अंतर कानास खुपतें. आणखी एक सूचना: प्रत्येक पडद्याचें माप मागील पडद्यापासून न घेतां वरच्या टोकापासूनच घ्यावें. नाहींतर प्रत्येक मापांतील केसभर चूक पुढच्यांत मिळत जाते.

तिसरा प्रश्न पिकअपचा. विहिरीवरील पंपाची मोटार जळाली कीं ती ज्या दुकानांत भरून मिळते, तेथील कारागिरास वेटोळें घालण्याची विद्या अवगत असते. त्याच्याशीं स्नेह जोडावा. चुंबकाच्या सहा कांड्या दोन पट्ट्यांमध्यें बसवून त्यांभोंवतीं इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे सात ते आठ हजार वेढे घालावयाचे असतात. तार इतकी बारीक कीं मनुष्याचा केस तिच्याहून जाड भरावा. येथें आमची मोठी फजिती झाली. एका इंग्रजी पुस्तकांत ‘४२ नंबरची तार’ असें वाचून आम्ही तोच नंबर मागितला, आणि वेटोळें निम्मेंही न होतां भरून गेलें. पुष्कळ दिवसांनीं उमज पडला कीं, पुस्तकांतील नंबर अमेरिकन होता, त्याची जाडी ०.०६३ मिलिमीटर, आपल्याकडे चालणारा ब्रिटिश ४२ नंबर ०.१०२ मिलिमीटरचा! आपणांस हवी असलेली तार येथें ४६ नंबरच्या जवळपास मिळते. तेव्हांपासून आम्ही नंबर न सांगतां मिलिमीटर सांगतों.

वेटोळ्याचीं दोन टोकें आवाज कमीअधिक करणाऱ्या बटणाशीं व तेथून बाहेरच्या जोडणीशीं डाख देऊन जोडावीं; घोडीसही एक तार नेऊन सर्वांची जमीन एक करावी. घरांतील वीज सेकंदास पन्नास वेळां हेलकावे खाते, आणि तिचा गुणगुणाट पिकअपमध्यें शिरतो. आंतील खळग्यास तांब्याचा पातळ पत्रा लाविल्यास तो पुष्कळ कमी होतो. १९५५ सालीं सेथ लव्हर यानें दोन वेटोळीं उलट जोडून गुणगुणाटानेंच गुणगुणाट मारण्याची युक्ति काढिली. ती दुसऱ्या प्रयत्नासाठीं ठेवावी.

घरीं घडविणें म्हणजे सर्वच घरीं करणें नव्हे. खुंट्या, पडद्यांची तार, सळई व चुंबक विकत आणण्यांत कमीपणा नाहीं. परंतु दांडीची जाडी आपल्या तळहातास बेतून घ्यावी, अंगाचा आकार आपल्या मांडीस बसेल असा कापावा, रंग आपल्या आवडीचा द्यावा. हें सुख विकतच्या वाद्यांत मिळत नाहीं.

पालकांस एक विनंती आहे. गिटारींतील वीज अगदीं क्षीण असते, तिचें भय नाहीं. पण तारा जमिनीच्या जोडणीनें अँप्लिफायरशीं जोडलेल्या असतात, म्हणून घरांतील अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि अँप्लिफायरची पेटी मुलांस उघडूं देऊं नये. अभ्यास बुडेल ही चिंताही आम्ही ऐकिली आहे. भूमितीश्रेणी, चुंबकत्व व दशांश अपूर्णांक हे आम्हांस वहींत जितके कळले, त्याहून अधिक त्या सागवानी तुकड्यावर कळले, एवढेंच आम्ही सांगूं शकतों. जमल्यास संध्याकाळीं घटकाभर मुलाबरोबर बसून फळीचें दुसरें टोक धरावें. ब्रायन मे याच्या वडिलांनीं तेंच केलें.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असें आपल्या गांवाविषयीं लोक म्हणतात. पहिल्या गिटारीचा सूर बहुधा जुळणार नाहीं. आमच्याही नाहीं जुळला. तेव्हां या म्हणीचा अर्थ आपण असा घ्यावा कीं, न बनल्यास निराश न होतां, पुन्हां माप घेऊन, परभणींतच दुसरी बनवावी.