कूलरचा डास, बांबूचा डास

पावसाळा लागला की कूलर कोपऱ्यात जातो, टाकीतले पाणी मात्र तसेच राहते. चिकुनगुन्याचा जुना वाहक, ‘एडिस इजिप्ती’ हा डास, अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. नागपूरची 1965 ची आणि बार्शीची 1973 ची साथ आपल्यापैकी काही ज्येष्ठांना आठवत असेल. त्यानंतर तीन दशके हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला आणि 2006 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला.

त्याच सुमारास हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या या तापाने आजारी पडली. तेथे इजिप्ती डास अगदीच विरळ. भरपूर होता तो ‘एडिस अल्बोपिक्टस’, म्हणजे पाठीवर एकच पांढरी रेघ असलेला, झाडांच्या ढोलीत व बांबूच्या खुंटात वाढणारा डास. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना वारंवार चुकतो. अशाच एका चुकीत त्याच्या आवरणातील एका प्रथिनाचा 226 वा घटक बदलला, ॲलनिनच्या जागी व्हॅलिन आले. एवढ्याने या रानडासाच्या जठरात शिरण्यास विषाणूची पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी मात्रा पुरू लागली. पुढे 2007 मध्ये केरळातही, रबराच्या मळ्यांच्या प्रदेशात, हाच बदल स्वतंत्रपणे घडला. मला यातले हे स्वतंत्रपण अधिक अस्वस्थ करते. वाहक मुबलक असेल, तर तीच चूक पुन्हा फळास येऊ शकते.

गोंदियाला बांबूची व रानाची काय वाण! म्हणून घरातील पाणी उपसून थांबू नका. सांदवाडीतील कुंपणाच्या बांबूंचे उघडे खुंट माती भरून बुजवा. तणसावरील ताडपत्रीच्या खोलगटात साचलेले पाणी, फुटके माठ, जुने टायर दर आठवड्याला रिकामे करा.

घरातील ज्येष्ठांना ताप आणि सांधे धरणे अशी लक्षणे दिसल्यास डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज कोणतेही वेदनाशामक आपल्या मनाने देऊ नका. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती परस्पर बंदही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. वृद्धांमध्ये सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. हात धरून चालवावे लागते, पडण्याचा धोका वाढतो. पहिला आठवडा रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि हे दोन्ही डास दिवसा चावतात. तेव्हा मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावा.