थिओडोशिया बर हिचा विवाह व बुडालेलें दप्तर

अमेरिकेचे उपाध्यक्ष आरन बर यांची कन्या थिओडोशिया (जन्म २१ जून १७८३) हिचा विवाह जोसेफ आल्स्टन याजशीं २ फेब्रुवारी १८०१ रोजीं आल्बनी येथें झाला. बर हे कर्जांत बुडालेले, व जांवई दक्षिण कॅरोलायनांतील गुलामांच्या श्रमावर पोसलेला धनाढ्य जमीनदार. सबब बापानें द्रव्यासाठीं मुलगी दिली, असें कित्येक लिहितात. बर व जेफर्सन यांस समसमान मतें पडून उद्भवलेला अध्यक्षपदाचा पेंच त्याच महिन्याच्या १७ तारखेस सुटला. तेव्हां सोयरिकींत राजकारण होतें असाही तर्क निघतो. परंतु तारखांचें सान्निध्य म्हणजे पुरावा नव्हे. अस्सल पत्रें काय सांगतात तें पाहिलें पाहिजे.

१७९४ सालीं आई वारल्यावर बापानें मुलीस मुलाप्रमाणें लॅटिन, ग्रीक शिकविलें होतें. त्यामुळें सतरा वर्षांच्या या वधूनें मागणी घालणाऱ्यास अ‍ॅरिस्टॉटलचें मत ऐकविलें, कीं पुरुषानें छत्तीस वर्षांपूर्वीं लग्न करूं नये. याचें खंडन करा! आल्स्टन अवघा एकवीस वर्षांचा. त्यानें लांबलचक खंडन केलें. अखेर, वर्षभर लग्न करावयाचें नव्हतें, पण तुमच्या आग्रहास मान देतें, असें तिनें १३ जानेवारी १८०१ रोजीं कळविलें. विकल्या गेलेल्या मुलीची ही भाषा आम्हांस वाटत नाहीं. १८०५ च्या ऑगस्टांत मरण जवळ आलें असें वाटून तिनें पतीस निरोपाचें पत्र लिहून ठेविलें. त्यांत मूल त्याच्या स्वाधीन केलें आहे.

हॅमिल्टनशीं द्वंद्वयुद्ध होण्याच्या आदल्या दिवशीं, १० जुलै १८०४ रोजीं, बर यांनीं आपले कागद हिच्याच हवालीं करून, ज्यांनीं कोणाची बेअब्रू होईल तीं पत्रें, विशेषतः स्त्रियांचीं, जाळावीं असें लिहिलें. १८०७ सालीं रिचमंड येथें राजद्रोहाच्या खटल्यांतून ते सुटले व पुढें चार वर्षें युरोपांत राहिले. ते परतले त्याच वर्षीं, ३० जून १८१२ रोजीं, हिचा दहा वर्षांचा एकुलता मुलगा दगावला. बापास भेटण्यास ही वर्षअखेर जॉर्जटाऊनहून ‘पेट्रियट’ नामक गलबतानें निघाली. पति नुकताच गव्हर्नर झालेला, व इंग्रजांशीं युद्ध चालू. त्यास प्रांत सोडतां येईना. बापाच्या कागदांच्या पेट्या सोबत होत्या असें चरित्रकार सांगतात. गलबत न्यूयॉर्कास पोहोंचलेंच नाहीं.

चांचे लोकांच्या कबुलीजबाबांच्या दंतकथा पुढें पुष्कळ निघाल्या. १८६९ सालीं नॅग्ज हेड येथें एका वृद्धेकडून मिळालेलें चित्र हिचेंच, असेंही सांगतात; पण चेहरेपट्टीच्या साम्यापलीकडे त्यास आधार नाहीं. संग्राहकांनीं अशा वस्तूंपासून सावध असावें.

उरलेल्या पत्रांपैकीं बरींच मॅथ्यू डेव्हिस यांनीं १८३६-३७ सालीं बर यांच्या चरित्रांत छापिलीं. मात्र बर यांजजवळ शिल्लक राहिलेलीं स्त्रियांचीं पत्रें आपण स्वतः जाळलीं, असेंही त्यांनींच नमूद केलें आहे. छापलेल्यांत आल्स्टनचें सासऱ्यास १८१३ च्या फेब्रुवारींत लिहिलेलें एक पत्र आहे. मूल गेलें, बायकोही गेली, याखेरीज त्यांत दुसरें फारसें कांहीं नाहीं. पुढें साडेतीन वर्षांतच, १० सप्टेंबर १८१६ रोजीं, तोही वारला.