आकाशातून गोदाम-तपासणी

बँकेत असताना नजरगहाण कर्जाचा माल तपासणे हे माझे नावडते काम होते. कर्जदार दर महिन्याला पत्रक पाठवी. कागदावर पोत्यांची थप्पी छताला टेकलेली असे. खरी किती, हे गोदामाचे कुलूप उघडल्यावाचून कळत नसे. हवेतल्या प्रदूषणाचा हिशेबही बराचसा अशा पत्रकांवरच चालत आला आहे. किती वायू काढला, किती कचरा पडला, त्याला ठरावीक आकड्याने गुणले की झाला अंदाज! फरक इतकाच, की इथे मोह असतो तो आकडा कमी दाखवण्याचा.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्हीने एका फेरीत २० उपग्रह वर नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा, किलोभर वजनाचा 'स्वयम्' होता. आपल्याकडे कौतुक झाले ते त्याचे, आणि ते रास्तच. त्याच गाडीत कॅनडातील जीएचजीसॅट कंपनीचा 'क्लेअर' होता, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा. त्याचे काम मिथेन हुडकण्याचे.

मिथेनला रंग नाही, वास नाही. पण जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातला अवरक्त किरणांचा एक ठरावीक भाग तो गिळतो. किती गिळला, यावरून वायू किती ते काढता येते. वीस वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो. युरोपचा सेंटिनेल-५पी हा मोठा उपग्रह रोज जवळजवळ सारे जग पाहतो. पण त्याचा एकेक ठिपका काही किलोमीटरांचा. त्याला गाव दिसते, घर दिसत नाही. घर दाखवतात ते हे छोटे.

२०१९ च्या आरंभी क्लेअर तुर्कमेनिस्तानात चिखलाचा ज्वालामुखी न्याहाळत होता. सापडली ती शेजारच्या कोरपेजे वायूक्षेत्रातली गळती! राजनैतिक मार्गाने निरोप गेले आणि त्याच वर्षी ती थांबली.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या-छोट्यांची ही जोडी दिल्ली, लाहोर, ब्युनोस आयर्स आणि आपल्या मुंबईच्या डम्पिंग ग्राउंडवर वळली. तिथे मिथेन तासाला टनांच्या मापात निघताना दिसला. पण कचऱ्याच्या डोंगराला फिरवायला चावी नसते. ओला कचरा हवेवाचून दडपला गेला की मिथेन होतच राहतो. तपासनीसाने शेरा लिहावा. वसुली वरच्यांच्या हाती, हे मला चांगले ठाऊक आहे.

शिवाय या तपासनीसाची एक सक्तीची रजा असते. ढगांतून त्याला दिसत नाही. पावसाळ्यात मुंबईचा बहुतेक हिशेब पुन्हा पत्रकांवरच.