हप्ता थकला की लागू होणारं कलम

मेळघाटातल्या धारणीत कर्जावर ट्रॅक्टर घेताना हप्ता किती, एवढंच विचारलं जातं. थकबाकीचं कलम मात्र वाचायचं राहून जातं. कर्ज देणाऱ्याचा खरा आधार तिथेच असतो. करारात ठरलेली चूक घडली की उरलेलं सगळं कर्ज एकदम मागता येतं, दंड लावता येतो, तारणातलं वाहन जप्त करता येतं. आरसी बुकात वित्तसंस्थेचा बोजा चढलेला असल्याने ट्रॅक्टर परस्पर विकताही येत नाही. सगळ्यात बेसावध असतो जामीनदार. ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणत तो येतो. पण १८७२च्या करार कायद्यानुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी कर्जदाराच्याच मागे लागावं लागतं, हा समज चुकीचा आहे.

या कलमांनाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. आणि मेळघाटातल्या कोरकू शेतकऱ्याची जमीन, कोर्टाच्या हुकूमनाम्यावरूनही, मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं.