शून्यशिल्लक बचत खाते

शून्यशिल्लक बचत खाते : किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेले बँकेतील बचत खाते. वेतन वा अन्य ठराविक रक्कम दरमहा जमा होण्यावर ते अवलंबून नसते. अमेरिकेत अनेक बँका नव्या खातेदारास रोख बक्षीस देतात. त्यासाठी बहुधा वेतन थेट खात्यात जमा होण्याची अट असते. काही बँका त्याऐवजी विशिष्ट शिल्लक किंवा कार्डावरील व्यवहारांची ठराविक संख्या पुरेशी मानतात. भारतात ठेवी मिळविण्यासाठी सोडत, बक्षीस, मोफत सहल यांसारखी प्रलोभने दाखविण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनी मनाई केली, रु. २५० पर्यंतच्या किरकोळ भेटवस्तूंचा तेवढा अपवाद ठेवला. येथे शून्यशिल्लक खात्याचे लाभ प्रामुख्याने विमा, अधिकर्ष (शिल्लक नसताही ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम काढण्याची सवलत) आणि निःशुल्क सेवा या स्वरूपाचे आहेत.

अशा खात्यांचा प्रारंभ रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या धोरणाने झाला. २०१२ मध्ये त्यांस मूलभूत बचत ठेव खाते असे स्वरूप देण्यात आले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेमुळे त्यांचा देशभर प्रसार झाला. योजनेतील रुपे कार्डाबरोबर रु. १ लाखाचा अपघात विमा मिळे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी तो रु. २ लाख करण्यात आला. त्याच वर्षी अधिकर्षाची मर्यादा रु. ५,००० वरून रु. १०,००० झाली, त्यांपैकी रु. २,००० पर्यंतची रक्कम विशेष अटींविना मिळू शकते. विम्याचा हप्ता खातेदारास भरावा लागत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या खात्यांचे महत्त्व विशेष आहे. येथील असंख्य कुटुंबांची रोख मिळकत हंगामी असते. उन्हाळ्यातील काही आठवडे तेंदूपाने तोडून, ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधून ते फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून दिले जातात. मजुरी व पुढे मिळणारा बोनस, तसेच मोहफुले, बांबू व धान यांचे उत्पन्न वर्षभर सारखे येत नाही. दरमहा वेतन जमा होण्याची अट असती, तर यांतील बहुतेक कुटुंबे या लाभांपासून वंचित राहिली असती.

तथापि केवळ खाते उघडल्याने विमा टिकून राहत नाही. अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत खातेदाराने स्वतः केलेला किमान एक यशस्वी व्यवहार असावा लागतो. शिल्लक पाहण्यासारखा बिगर-आर्थिक व्यवहारही त्यात धरला जातो. परंतु शासनाकडून परस्पर जमा झालेले अनुदान खातेदाराने केलेला व्यवहार ठरत नाही. भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या असून शाखा दूर आहेत. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात अनेकदा तुटत आला आहे. उन्हाळ्यात मजुरी काढून घेतलेल्या खातेदाराचे कार्ड त्यानंतर पेटीतच पडून राहिले, तर पावसाळा सरेपर्यंत ही मुदत उलटून जाते. अशा वेळी अपघाती मृत्यू ओढवल्यास, कार्ड घरात असूनही वारसांना विम्याची रक्कम मिळत नाही. गावात येणाऱ्या बँक प्रतिनिधीकडे (बँकमित्राकडे) दर दोन महिन्यांनी एखादा व्यवहार केल्यास हा धोका टळतो. अशा प्रतिनिधींच्या नेमणुकीस रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये अनुमती दिली.

या खात्याला काही मर्यादाही आहेत. एका बँकेत असे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. सतत दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय गणले जाते. ओळखीची कागदपत्रेही ठराविक काळाने नव्याने द्यावी लागतात. वारसाचे नामनिर्देशन केलेले नसल्यास दाव्याची पूर्तता लांबते. त्यामुळे खात्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा नियमित वापर हाच या व्यवस्थेच्या यशाचा खरा निकष ठरतो.