दररोज एक मिलीमीटर

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारे सोव्हिएत खेळाडू वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मोटारसायकलवर मागे बसून जात होते. अपघातात त्यांच्या उजव्या पायाची हाडे चुरडून जखमेतून उघडी पडली. पाय कापण्याची वेळ टळली, परंतु अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना. आत जंतुसंसर्ग, त्यातच पाय आखूड.

१९६८ मध्ये ते सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिइल इलिझारोव्ह यांच्याकडे पोहोचले. मॉस्कोच्या तज्ज्ञांनी आडगावच्या या डॉक्टरांचे यंत्र बरीच वर्षे मनावर घेतले नव्हते. हाडातून आरपार ओवलेल्या तारा सायकलच्या आऱ्यांप्रमाणे ताणून बाहेरच्या कड्यांना जखडायच्या. हाड निरोगी जागी छेदून काही दिवस थांबायचे. मग ती फट दररोज एक मिलीमीटर, तीही चार हप्त्यांत, रुंदावायची. फटीत नवे हाड भरत जाते. इतक्या अल्प हप्त्यांची परतफेड कोणत्या पेढीने मान्य केली असती? शरीर मात्र ती चोख करते. घाई केली तर हाड धरत नाही, ढिलाई केली तर फट वेळेआधीच सांधते. तारांभोवतीची त्वचा रोज स्वच्छ ठेवावी लागते आणि कडी पायात असतानाच भार देऊन चालावे लागते. वेदना असतातच.

ब्रुमेल पुन्हा दोन मीटरांहून उंच उडाले, २.२८ मीटरचा स्वतःचा विश्वविक्रम मात्र त्यांना पुन्हा गाठता आला नाही. पाश्चात्त्य डॉक्टरांना ही पद्धत नीट कळली ती १९८१ मध्ये, इटलीत. कुर्गानहून बरे होऊन परतलेले गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा पाय तेथील डॉक्टरांनी आधीच पाहिला होता.