जुन्या रेसरला लेथवाला हवा

जुनी रेसर सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की लोक आधी सायकलचं दुकान गाठतात. माझं मत ऐकाल तर आधी लेथवाला शोधा. आणि तो शोधायला पिंपरी-चिंचवडच्या चिखली-तळवड्यासारखा पट्टा नाही. मोटारींच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं इथे दाटीनं उभी आहेत, आणि तिथल्या माणसांना पोलाद कळतं.

इतिहास एका दमात सांगतो. टीआय सायकल्स १९४९ची, अ‍ॅटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, मग टेल्को, आकुर्डीत बजाज. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींचा. पुढे स्कूटरी आल्या आणि सायकली माळ्यावर गेल्या. झाला इतिहास! आता मागच्या चाकाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

माळ्यावरून निघते ती बहुधा खाली वळलेल्या हँडलची हीरो हॉक. नशीब जोरावर असेल तर ‘रेनॉल्ड्स ५३१’चा स्टिकर असलेली रॅले. ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी १९३५पासूनची. जुन्या पाच गिअरच्या फ्रेमला मागे, चाक बसतं त्या दोन कानांमध्ये १२० मिलिमीटर जागा असते. सहा-सात गिअरच्या हबला १२६ लागते, आठ आणि त्यापुढे १३०. म्हणजे १२०ची फ्रेम १२६ करायची तर प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर, जवळपास एक सूत, फाकवायचं. पोलादी फ्रेम हे सहन करते. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग चुकूनही करू नये.

पद्धत सोपी आहे, घाई मात्र नको. आटे पाडलेला लांब रॉड, दोन नट, दोन जाड वॉशर. नट फिरवत कान थोडे थोडे लांबवायचे. पोलाद परत मागे येतं, म्हणून हव्या मापाच्या जरा पुढे नेऊन सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. मग एका कानापासून दोरा घ्यायचा, पुढच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या कानाला आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. शेवटी कान एकमेकांना समांतर करायचे, नाहीतर अ‍ॅक्सल वाकते. तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी दीड मिलिमीटरचा फरक ‘चालेल’ म्हणालो, तेव्हा तिथले काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “साहेब, आमच्याकडे एवढ्या फरकाला अख्खी लॉट परत येते.” त्यांनी तो काढूनच दिला.

जुन्या रेसरना बहुधा २७ इंची चाकं असतात. टायर जिथे बसतो तिथे त्यांचा व्यास ६३० मिलिमीटर; आजच्या ७००सीचा ६२२. रिम बदलली की ब्रेकचे शू चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. ब्रेकच्या फटीत तेवढी जागा नसेल तर लांब हातांचे ब्रेक घ्यावेत. रिमचा हा खर्च मी कधीच टाळू देत नाही. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतो तो देवाच्या भरवशावर. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तो खरोखर लागतो. आषाढात देहू-आळंदी रस्त्यावर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग क्रँक. तिला अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारा कॉटर काढताना हातोडी उचलण्याचा मोह होतो. मार थेट बीबीच्या, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, छर्‍यांवर जातो, आणि कॉटरचे आटे चेपतात ते वेगळेच. शिकंज्यात दाबून काढावा. नवी चौकोनी अ‍ॅक्सल बसवायची असेल तर आधी आटे मोजा: ब्रिटिश माप इंचाला २४, पण नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचं २६. ब्रिटिश मापात चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. डावं पायडलही उलटंच. जोर लावण्यापूर्वी एवढं आठवावं.

एवढं करून सायकल अंगाला बसली नाही तर सगळं व्यर्थ. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीटची उंची, हा जुना हिशेब अजून उत्तम. हँडल वर घ्यायचं तर स्टेमवरच्या खुणेपलीकडे नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथली दुसऱ्या महायुद्धातली, पॅराट्रूपरांसाठी केलेली घडीची बीएसए पाहायला मी निमित्त काढून जातो. तिला हात लावू नये असं वाटतं. पण माळ्यावरची हॉक संग्रहालयासाठी नाही. तिचा रंग, तिचे ओरखडे राहू द्या; ब्रेक, चाकं आणि छर्रे नवे घ्या.

फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली हजारो पत्राशेड पाडली. भंगाराची गोदामं गेली, आणि त्यांच्याबरोबर किलोच्या भावानं मिळणाऱ्या जुन्या फ्रेमही. त्यामुळे घरात जुनी रेसर असेल तर ती या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. आधी एखाद्या लेथवाल्याला दाखवा.